ताठर फ्रेम आणि आपली पाठ

आमच्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर हल्ली दोन पक्ष पडले आहेत. एकाचे म्हणणे, कार्बनची फ्रेम जितकी ताठर तितकी उत्तम. दुसऱ्याचे म्हणणे, ती अंगाला सुखावह हवी. दोन्हीकडची मंडळी लाखाच्या घरातले आकडे सहज उच्चारतात. ज्यांची वार्षिक फी हप्त्याने भरली जाते असे काही मित्रही त्यांत आहेत, म्हणून हा विषय चेष्टेवारी नेता येत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या सुखासाठी हे भांडण चालले आहे, ते फ्रेममध्ये फारसे नाहीच.

कार्बनची खुबी खरी आहे. पोलादाची नळी सर्व दिशांना सारखीच वागते. कार्बनमध्ये मात्र बारीक तंतूंचे थर राळेत बसवलेले असतात, आणि तंतू ज्या दिशेला, बळ त्या दिशेला. ४५ अंशांत तिरके थर दिले की नळी पिळाला दाद देत नाही. त्यामुळे पायडलजवळचा भाग दणकट आणि मागच्या नळ्या बारीक ठेवणे कारागिराला जमते. यावरूनच ‘बाजूला ताठ, उभ्याने मऊ’ ही जाहिरातवाल्यांची आवडती ओळ निघाली.

पण उभ्याने मऊ म्हणजे किती? सायकलची फ्रेम दोन त्रिकोणांची, म्हणजे छपराच्या कैचीसारखी. कैची वरून दाबून पाहा! फ्रेम दबते ती मिलिमीटरच्या लहानशा अंशाने, आणि टायर दबतो काही मिलिमीटर. आपण कलाशाखेचे असलो तरी एवढे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन उशांच्या मध्ये पाट ठेवून वर बसले, तर पाट दबत नाही. खालची उशी म्हणजे टायर, वरची म्हणजे सीट आणि तिचा दांडा. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने १८८८ साली मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तेव्हाच या प्रश्नाचे मोठे उत्तर मिळाले होते.

उत्तर फ्रान्समधली पॅरिस–रुबे ही दगडी फरसबंदीवरची शर्यत याची साक्ष देईल. तिथले दणके सुसह्य व्हावेत म्हणून ट्रेकने २०१२ साली ‘डोमाने’ काढली. तिच्यात सीटची नळी आडव्या नळीपासून सुटी करून मध्ये हलता सांधा घातला. कान्चेलाराने २०१३ ची पॅरिस–रुबे जिंकली ती याच सायकलवर. स्पेशलाइज्डने तर आपल्या ‘रुबे’ मॉडेलच्या हँडलखाली पुढे चक्क स्प्रिंग बसवली. साधी फ्रेम स्वतःच पुरेशी दबत असती, तर हा खटाटोप कोणी कशाला केला असता?

ताठरपणाच्या भक्तांनाही दोन शब्द. १९८० च्या दशकात शॉन केलीने व्हितूसच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर मोठमोठ्या शर्यती मारल्या, आणि त्या फ्रेम लवण्याबद्दलच प्रसिद्ध होत्या. लवलेली फ्रेम सरळही होते. तिला लववण्यात गेलेला सगळा जोर वाया गेला असे धरून चालणे बरोबर नाही. वजनदार आणि शेवटच्या दोनशे मीटरांत तुटून पडणाऱ्या गड्याला ताठर फ्रेम हवी, घाट उतरतानाही पुढचा भाग डळमळू नये, हे मला मान्य आहे. पण कॉलेजला येताना आपण कोणाला मागे टाकणार? एस.टी.ला?

फ्रेमचा सुखाशी संबंध आहे तो निराळ्या वाटेने. हँडल फार खाली असेल तर पाठ आणि मनगटे भरून येतात, मग कार्बन कितीही महाग असो. दुसरी गोष्ट, फ्रेममध्ये किती रुंदीचा टायर मावतो. शर्यतवाले एके काळी २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून पळत. आता तेच २८ आणि त्याहून रुंद टायर कमी हवेवर वापरतात. आपल्या उखडलेल्या खडीवर तर याची गरज त्यांच्याहून जास्त.

तेव्हा दुकानात गेल्यावर ताठरपणाचे आकडे नंतर विचारा, आधी टायरची जागा विचारा. शर्यतीच्या काही जुन्या कार्बन फ्रेममध्ये २५ मिलिमीटरच्या वरचा टायर बसतच नाही. स्वस्त पडते म्हणून सेकंडहँड घ्यायला निघालेल्यांनी तर टायर सोबत नेऊन, चाक घालून, हाताने फिरवून पाहावे.