बालवाडीच्या वहीत अडकलेला अभ्यासक्रम

शहरी घरांत तीन वर्षांचे मूल शाळेत जाऊ लागले की काही आठवड्यांतच एक प्रश्न हमखास विचारला जातो : तिथे शिकवतात तरी काय? या प्रश्नाचे उत्तर बहुधा वहीत शोधले जाते. वहीची पाने भरली असतील, इंग्रजी अक्षरे आणि शंभरपर्यंतचे आकडे उतरवले असतील, तर शाळा चांगली. मूल मातीत खेळून, गोष्ट ऐकून आणि गाणे म्हणून परतत असेल, तर शुल्क वाया गेले, असा एक सर्वमान्य हिशेब झाला आहे. सरकारी धोरण मात्र नेमके याच्या उलट दिशेने निघाले आहे. पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २० ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर झाला. त्यात तीन ते सहा या वयोगटासाठी पाठ्यपुस्तक नसावे, अशी भूमिका घेण्यात आली आहे. धोरण आणि वही यांच्यातील ही दरी कशी बुजवायची, हा आज बालशिक्षणापुढील खरा प्रश्न आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणाची रचना ५+३+३+४ अशी केली. त्यातील पहिल्या पाच वर्षांत पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांची मोट बांधण्यात आली. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, हे त्यामागचे कारण धोरणातच नमूद आहे. परंतु या विधानाचा अर्थ अनेकांनी आपापल्या सोयीने लावला. मेंदू इतक्या झपाट्याने वाढतो, तर त्यात जितके लवकर आणि जितके अधिक भरता येईल तितके भरावे, असा निष्कर्ष काढून अभ्यास आणखी खाली ओढला गेला. मेंदूची वाढ म्हणजे रिकामे भांडे भरणे नव्हे, हे त्या गडबडीत बाजूला पडले.

<b>लेखनाआधीची तयारी</b>

तीन वर्षांचे मूल साधारणपणे वर्तुळ काढू लागते. चौकोन नीट काढण्यासाठी त्याला आणखी वर्ष-दीड वर्ष लागते. मनगटाची हाडे अजून पूर्ण घडलेली नसतात आणि बोटांची पकड हळूहळू स्थिरावत असते. अशा हाताला दुरेघी वहीत अक्षर बसवण्याची सक्ती केली, तर अक्षर येतेही. पण त्यासाठी खर्ची पडणारा वेळ आणि उमेद कुठून तरी वजा होते. कणीक मळणे, मणी ओवणे, शेंगा सोलणे, खडूने फरशीवर रेघोट्या ओढणे ही लेखनाचीच पूर्वतयारी असते. वहीत तिचा पुरावा दिसत नाही, इतकेच.

हेच वाचनाबाबतही खरे आहे. ‘कमळातला क’ पाठ होण्याआधी ‘कमळ’, ‘कणीस’ आणि ‘कपाट’ या शब्दांची सुरुवात सारखी आहे, हे कानाला कळावे लागते. ही जाण बडबडगीतांतून, यमकांतून, शब्दांच्या भेंड्यांतून येते. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळात आज्ञा नीट ऐकणे, ती लक्षात ठेवणे आणि चुकीची कृती करण्याचा मोह आवरणे, असे तिन्ही एकाच वेळी साधावे लागते. वर्गात लक्ष देण्यासाठी पुढे याच क्षमता कामी येतात. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. ज्या वयात त्याचा शब्दसंग्रह भराभर वाढायचा, त्या वयात त्याला अनोळखी भाषेतील ठरावीक वाक्ये घोकावी लागतात. किमान आठव्या वर्षापर्यंत मुख्य माध्यम घरची भाषा असावी, असे नवा आराखडा सांगतो ते याच कारणासाठी.

<b>संशोधनाचा कौल</b>

या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणारा प्रयोग अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी बालशाळेचा. गरीब कुटुंबांतील १२३ मुलांपैकी काहींना बालशिक्षण मिळाले, काहींना नाही, आणि सर्वांचा मागोवा चाळिशीपर्यंत घेण्यात आला. बालशाळेत गेलेल्यांची कमाई अधिक आणि अटकेचे प्रमाण कमी आढळले. मात्र तेथे सहा-सात मुलांमागे एक शिक्षिका होती आणि ती नियमितपणे घरी जाऊन पालकांनाही भेटत असे. ‘बालशिक्षणात गुंतवलेला पैसा अनेक पटींनी परत येतो’ असे सांगताना हा तपशील सहसा गाळला जातो.

बालशिक्षण दिले की लाभ होतोच, या समजाला टेनेसी राज्यातील अभ्यासाने धक्का दिला. सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या अल्प उत्पन्न गटातील २,९९० मुलांची त्यात तुलना होती. सरकारी पूर्वप्राथमिक वर्गात गेलेली मुले वर्षाअखेर पुढे होती. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहावीपर्यंत तीच मुले चाचण्यांत मागे पडली आणि त्यांच्या बेशिस्तीच्या नोंदीही अधिक निघाल्या. आरंभीची आघाडी म्हणजे टिकाऊ प्रगती नव्हे, हा त्यातील धडा महत्त्वाचा आहे.

भारतातील अनुभवही बोलका आहे. आंबेडकर विद्यापीठ, दिल्ली आणि असर केंद्र यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणातील सुमारे १४ हजार मुलांचा चार ते आठ या वयात मागोवा घेतला. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या त्या अहवालानुसार पाचव्या वर्षी बहुतेक मुलांची शाळेसाठीची तयारी अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. खासगी बालवर्ग म्हणजे पहिलीचीच खाली सरकलेली आवृत्ती, तर अनेक अंगणवाड्यांत शिक्षण नावापुरते, असे चित्र समोर आले. एकीकडे अति, दुसरीकडे नाही.

म्हणून केवळ ‘खेळू द्या’ म्हणून भागत नाही. दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात गणिती खेळांमुळे बालवाडीतील मुलांची संख्यांची उपजत समज वाढली आणि टिकली. मात्र पुढे शाळेतील गणितात तिचा ठसा उमटला नाही. खेळ आणि पाटीवरचा आकडा यांच्यातील पूल मुले आपोआप बांधत नाहीत. तो शिक्षिकेने बांधावा लागतो. तामिळनाडूत अंगणवाडीत केवळ एक जादा कर्मचारी दिल्यावर शिक्षणाचा वेळ दुप्पट झाला आणि मुलांचे भाषा व गणित सुधारले, शिवाय कुपोषणही घटले. अभ्यासक्रमाइतकाच तो राबवणारा माणूस आणि त्याच्या हाती असलेला वेळ निर्णायक ठरतो, हेच यातून दिसते.

<b>विस्मरणात गेलेला वारसा</b>

महाराष्ट्राला हे नव्याने शिकण्याची गरज नव्हती. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला. अनुताई वाघ त्यांच्या साथीला होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून तेथे अंगणवाडी आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागडी साधने नव्हती. बिया, शंख-शिंपले, पाने, माती हेच साहित्य होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. पण पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि नोंदी यांच्या ओझ्याखाली त्यातील शिक्षण दबून गेले.

शहरांत खासगी बालवर्ग दुसऱ्या टोकाला गेले. १९९३ मध्येच यशपाल समितीने नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, पूर्वप्राथमिक शाळांचे नियमन व्हावे, असे बजावले होते. तरीही २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरताच राहिला. तीन ते सहा वयोगटासाठी त्यात राज्यांनी ‘आवश्यक ती व्यवस्था करता येईल’ इतकीच मोघम तरतूद आहे. परिणामी या वयातील मुलांना कोण, कुठे आणि काय शिकवते, यावर दीर्घकाळ कोणाचेही नियंत्रण नव्हते. महाराष्ट्रात खासगी बालवर्गांची नोंदणी करून घेण्याची पावले २०२५ मध्ये टाकली गेली. नोंदणी ही सुरुवात आहे. वर्गात चार वर्षांच्या मुलाला गृहपाठ दिला जातो का, याचे उत्तर ती देत नाही.

<b>पहिलीच्या उंबरठ्यावर</b>

सारा दोष पालकांवर टाकणेही अन्यायाचे ठरेल. पहिलीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात मुलाने वाक्य लिहावे, अशी अपेक्षा असेल, तर पालक केजीतच अक्षरे मागणार आणि बालवर्ग ती पुरवणार. धोरणाने पहिली-दुसरीला बालवाडीशी जोडले आहे. त्याचा अर्थ बालवाडीने पहिलीसारखे व्हावे असा नसून, पहिलीने बालवाडीच्या जवळ यावे असा आहे. ही उतरंड उलटी होत नाही तोवर कितीही सुंदर आराखडे आले तरी ते कपाटातच राहतील.

त्यासाठी चार गोष्टी टाळता येणार नाहीत. पहिलीच्या प्रारंभीच्या महिन्यांतून लेखनाची घाई काढावी लागेल. तीन ते सहा वयोगटात वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, हे प्रमाण खासगी वर्गांत आणि अंगणवाडीत सारखेच पाळावे लागेल. अंगणवाडीसेविकेचा शिकवण्याचा वेळ इतर कामांपासून राखून ठेवावा लागेल. आणि मुलाची प्रगती पालकांना दिसेल अशा रीतीने सांगावी लागेल. मूल गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते का, आपली पाळी येईपर्यंत थांबते का, बिया मोजून दोघांत सारख्या वाटते का, हे शाळेने लेखी कळवले, तर कोऱ्या वहीची भीती ओसरेल. एरवी पालकांच्या समाधानासाठी वह्या भरत राहतील, आणि त्याची किंमत पेन्सिल नुकतीच धरू लागलेली बोटे मोजत राहतील.