कांडी खोटी की ऊन खरे?

शाळेत असताना गाईवर निबंध आपण सर्वांनीच लिहिला आहे. चार पाय, दोन शिंगे आणि गाय दूध देते! पण वैशाखात ती दूध कमी का करते, हे त्या निबंधात कधी आले नाही. आमच्या घरी मात्र वाद त्यावरच आहे, कारण माझी फी दुधाच्या पगारातून भरली जाते.

झाले असे, की आमच्या एच. एफ. गाईला नामांकित वळूची महागडी कांडी भरवली. कालवड झाली, वाढली, व्याली. पण दूध आईच्या पहिल्या वेतापेक्षा बरेच कमी. वडील म्हणाले, "कांडीच खोटी." चुलते म्हणाले, "विकून टाका."

मला दोन्ही पटत नाही. वळूकडून येते ते निम्मे रक्त. शिवाय गाई-गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण एक तृतीयांशच रक्ताने ठरतो. बाकी चारा, निगा आणि हवा. एच. एफ. मूळची हॉलंडकडची, पंचवीस अंशांपर्यंत ती सुखात असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. भरपूर दूध द्यायचे तर भरपूर खावे लागते, आणि पोटात चारा आंबताना उष्णता निघते. म्हणजे गाय जितकी दुधाळ तितकी तिच्या पोटातली चूल मोठी. ऊन वाढले की ती खाणे सोडते, धापा टाकते आणि दूध घटते. गीर गाईला ऊन सोसते हे खरे, पण तिच्या दुधावर आमच्या घरचा खर्च भागत नाही, हे 'देशीच पाळा' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' (निम्मी होल्स्टीन, पाव जर्सी, पाव गीर) हा मधला मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. विण्यापूर्वी दोन महिने गाय आटवतात. आमची गाय आटली ती एप्रिलात. दुभत्या गाई छपराखाली आणि आटलेली बाहेर बाभळीला, ही आमची रीत. बाभळीची सावली ती कितीशी! आणि तिला तेथे रोज मीच बांधत होतो.

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने नेमका हाच काळ तपासला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेवटच्या दिवसांत उन्हाचा ताप सोसलेल्या गाईंच्या कालवडींनी पहिल्या वेतात दिवसाला दोन लिटरांहून अधिक दूध कमी दिले. नातींच्या दुधातही घट दिसली. रक्त चांगले, पण गर्भातच ऊन लागलेले. आमच्या कालवडीचे असेच झाले, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ज्या कांडीला आम्ही शिव्या देतो, तिची बाजू कोणी मांडायची?

कालवड अद्याप विकलेली नाही. ती गाभण आहे आणि याच एप्रिलात आटेल. पाचट फुकट मिळते, चार बांबू लागतील, तिच्यापुरता मांडव होईल, असे मी घरी सांगितले. वडील म्हणाले, "दूध न देणाऱ्या गाईला मांडव?" माझी परीक्षाही एप्रिलातच आहे. बांबू त्याआधीच आणावे लागतील.