विषाचे स्थलांतर म्हणजे न्याय नव्हे

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूर येथील भट्टीत २०२५ च्या जूनअखेर जाळून झाला. सरकारी दप्तरात एक प्रकरण निकालात निघाले. परंतु ज्यांच्या नावाने हा सारा खटाटोप झाला त्या भोपाळच्या वायुपीडितांना समाधान नाही आणि ज्यांच्या दारी तो कचरा नेऊन जाळला त्या पिथमपूरकरांच्या मनातील धास्तीही गेलेली नाही. मग निकाल लागला तो कोणाच्या बाजूने, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाने स्वतःस विचारावयास हवा.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री त्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपेतले शहर त्याच्या तडाख्यात सापडले. हजारो माणसे प्राणास मुकली. लाखोंची फुप्फुसे व डोळे कायमचे अधू झाले. १९८५ साली संसदेने कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. दुबळ्या माणसास बलाढ्य परदेशी कंपनीशी एकट्याने झुंजावे लागू नये, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परिणाम मात्र असा झाला की, ज्यांचे घर जळाले त्यांनाच न विचारता सौदा झाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती करताना मृतांची संख्या ३ हजारांच्या आसपास आणि जखमींची लाखभर धरली होती. पुढे नुकसानभरपाईस पात्र ठरलेले लोक ५ लाखांहून अधिक निघाले. रक्कम तीच, वाटेकरी पाचपट! बहुसंख्य पीडितांच्या हाती आरंभी अवघे २५ हजार रुपये पडले. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने २०१० साली दाखल केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. फौजदारी खटल्यात २६ वर्षांनी, जून २०१० मध्ये, सात भारतीय अधिकाऱ्यांस दोन वर्षांची शिक्षा झाली व लगेच जामीनही मिळाला. कंपनीचा मुख्य अमेरिकन अधिकारी वॉरन अँडरसन २०१४ साली वारला. भारतीय न्यायालयापुढे तो अखेरपर्यंत उभा राहिला नाही.

या दीर्घ अंधारात जो काही दिवा तेवत राहिला तो पीडितांच्या स्वतःच्या संघटनांचा. अब्दुल जब्बार यांनी वायुपीडित महिलांची संघटना बांधली आणि २०१९ साली मृत्यू येईपर्यंत तिचे काम केले. रशीदा बी व चंपादेवी शुक्ला या दोन कामगार स्त्रियांनी एक मुसलमान, एक हिंदू असा भेद न मानता खांद्यास खांदा लावून लढा दिला. २००४ साली त्यांना गोल्डमन पारितोषिक मिळाले, तेव्हा ती रक्कम त्यांनी पीडितांच्याच, विशेषतः जन्मतः अपंग मुलांच्या, कामी लावली. संभावना न्यासाने पीडितांसाठी दवाखाना चालविला. २००६ आणि २००८ साली पीडित मंडळी भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी चालत गेली. धापा टाकणाऱ्या माणसांनी केलेली ही पदयात्रा होती, हे विसरता कामा नये.

अशा संघटनांपुढील अडचणी बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाहीत. समोर कंपनीचे वकील आणि तज्ज्ञ. इकडे वर्गणीच्या पैशावर चाललेली कचेरी. पाणी दूषित आहे हे सिद्ध करण्याचा भार पाणी पिणाऱ्यावर, आणि त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा मात्र त्याच्याकडे नाही. खटल्याची एक तारीख पडते आणि दुसरी येईतो साक्षीदारच मरून जातो. कंपनीचे मालक बदलतात. २००१ साली डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली आणि जुने देणे आपले नव्हे असा पवित्रा घेतला. पीडितास मात्र आपले फुप्फुस कोणाला विकता येत नाही. काळ हाच अपराध्याचा सर्वांत स्वस्त वकील असतो, हा भोपाळचा कटू धडा आहे.

परंतु या सर्वांहून घातक अडचण निराळीच आहे. ती म्हणजे एका पीडित वस्तीस दुसऱ्या वस्तीविरुद्ध उभे करणे. या कचऱ्याचा प्रवास पाहा. तो गुजरातेत अंकलेश्वरला जाळावा असे ठरले. गुजरात सरकारने नकार दिला. २०११ साली नागपूरजवळील बोरखेडीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव निघाले. महाराष्ट्राने विरोध केला. २०१२ साली तो जर्मनीस नेण्याची बोलणी झाली, तीही बारगळली. ज्यांच्या पाठीशी सरकार उभे राहिले ते सुटले. उरले पिथमपूर, धार जिल्ह्यातील कामगारांची वसाहत आणि तिच्या कडेची तारापुऱ्यासारखी खेडी. त्यांच्या बाजूने नाही म्हणणारे सरकार नव्हते, कारण कचरा पाठविणारे सरकार त्यांचेच होते!

३ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने चार आठवड्यांत कचरा हलविण्याचा हुकूम दिला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद गाड्यांचा तांडा पोलीस बंदोबस्तात निघाला आणि सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून दुसऱ्या दिवशी पहाटे पिथमपुरात पोहोचला. ३ जानेवारीस गावाने बंद पाळला. दोघांनी अंगावर आग ओढवून घेण्यापर्यंत मजल गेली. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना न्यायालयात गेली. इंदूर शहराच्या एका भागास पाणी पुरविणारे यशवंतसागर या परिसरापासून दूर नाही, तेव्हा पिढ्यान् पिढ्या तेथे नांदणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न परका नव्हता.

सरकारचे म्हणणे ऐकून घेणे हा न्यायबुद्धीचा भाग आहे. कचरा भोपाळात उघडा पडून राहणे धोक्याचेच होते; चाचण्यांत धुराचे प्रमाण मर्यादेच्या आत आढळले, असे अधिकाऱ्यांनी न्यायालयास सांगितले. हे खरे धरले तरी दोन गोष्टी शिल्लक उरतात. कचऱ्यात चुना इत्यादी मिसळून तो जाळल्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याहून वजनाने अधिक भरली आणि ती कोठे पुरावयाची यावरून पुन्हा वाद उभा राहिला. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०१० साली कारखान्याच्या परिसरातील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन असा दिला होता. कोठे ३३७ टन आणि कोठे ११ लाख टन! कारखान्याभोवतीच्या ४२ वस्त्यांच्या भूजलात २०१८ साली दूषितता आढळली. ते विष कोणत्याही गाडीत भरून पिथमपुरास गेलेले नाही.

म्हणूनच भोपाळच्या संघटनांनी पिथमपूरच्या जळणास विरोध केला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. आपल्या अंगणातील विष दुसऱ्याच्या अंगणात गेले की सुटलो, असे त्यांना सहज म्हणता आले असते. त्यांनी ते म्हटले नाही. ज्याने विष निर्माण केले त्यानेच ते परत न्यावे, ही त्यांची मागणी होती, आणि ती हवेतली नव्हती. कोडैकनालच्या थर्मामीटर कारखान्यातील पाऱ्याचा कचरा लोकांच्या चिकाटीमुळे २००३ साली बोटीतून अमेरिकेस परत धाडण्यात आला. जे तमिळनाडूत घडू शकले ते मध्य प्रदेशात अशक्य होते असे कोण म्हणेल? पण येथे १२६ कोटी रुपये भारतीय करदात्यांचे गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आज करावयाचे काय, ते स्पष्ट आहे. उरलेल्या मातीची व पाण्याची शुद्धी डाऊच्या खर्चाने व्हावी, यासाठी केंद्र सरकारने आपले वजन खर्च करावे. पिथमपूरच्या हवा-पाण्याची व रहिवाशांच्या प्रकृतीची तपासणी सरकारी भट्टीवाल्यांकडून नव्हे, तर गावकऱ्यांचा विश्वास असलेल्या वैद्यांकडून व्हावी आणि तिचे निष्कर्ष त्यांच्या भाषेत त्यांच्या हाती पडावेत. यापुढे कोणत्याही वस्तीत असा कचरा नेण्यापूर्वी तेथील लोकांस आधी विचारावे, रात्री गाड्या हाकून मागाहून समजूत घालू नये.

आणि नागरिकांनी? विष आपल्या वेशीबाहेर गेले एवढ्यावर संतुष्ट होण्याची सवय टाकावी. अंकलेश्वरने नाही म्हटले, नागपूरने नाही म्हटले. त्यांचे नकार योग्यच होते. पण पिथमपुराने नाही म्हटले तेव्हा त्या दोघांचा आवाज त्याच्या मदतीस गेला असता, तर निकाल कदाचित निराळा लागला असता. आपल्यापुरते वाचणे पुरेसे नसते. आज वाचलेल्याची पाळी उद्या येतेच.