रिकाच्या कैवाऱ्यांशी वाद

ज्या कथेत नायिकेवर प्रेक्षकांचा जीव जडतो आणि अखेरीस तिच्या वाट्याला वियोग येतो, त्या कथेविरुद्ध फिर्यादी उभ्या राहाव्यात यात नवल नाही; परंतु जपानच्या फुजी दूरचित्रवाणीने १९९१ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत दर सोमवारी रात्री नऊ वाजता दाखविलेल्या ‘टोकियो लव्ह स्टोरी’ या अकरा भागांच्या मालिकेविषयी ज्या तक्रारी गेली तीन दशके चालू आहेत, त्या बहुतेक नायिकेच्या कैवारातून निघालेल्या आहेत आणि तरीही नायिकेचे तेज हिरावून घेणाऱ्या आहेत. अकाना रिकावर अन्याय झाला असे म्हणणारे लोक तिचे मित्रच होत, याविषयी मला शंका नाही. मात्र त्यांचे म्हणणे मान्य केले तर रिका उरत नाही. उरते ती एक फसलेली, टाकून दिलेली मुलगी. म्हणूनच या मित्रांशी वाद घालणे मला भाग आहे.

कथा थोडक्यात अशी. एहिमे प्रांतातून नोकरीसाठी टोकियोत आलेला नागाओ कान्जी हा भिडस्त, सरळ मनाचा, पण निर्णयाला मंद असा तरुण. क्रीडासाहित्याच्या ज्या कंपनीत तो रुजू होतो, तेथेच काम करणारी अकाना रिका परदेशात वाढलेली, मनात येईल ते आडपडदा न ठेवता बोलणारी, त्याला ‘कान्ची’ म्हणून हाक मारणारी. त्याची शाळेपासूनची मैत्रीण सेकिगुची सातोमी बालवाडीत शिकवते, आणि शाळेतलाच मित्र मिकामी केनइची वैद्यकाचा अभ्यास करतो व स्त्रियांच्या बाबतीत चंचल म्हणून ओळखला जातो. कान्जीचे मन सातोमीकडे, सातोमीचे मिकामीकडे आणि रिकाचे प्रथमपासून कान्जीकडे. कान्जी व रिका एकत्र येतात, दुरावतात आणि शेवटी कान्जीचा विवाह सातोमीशी होतो. साइमोन फुमी यांच्या मूळ चित्रकथेत मध्यवर्ती स्थान कान्जीचे होते. साकामोतो युजी यांनी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, मालिकेची पटकथा लिहिताना ते रिकाला दिले. सुझुकी होनामी या अभिनेत्रीने त्या स्थानाचे असे चीज केले की शेवटचा भाग कांतो विभागातील ३२.३ टक्के घरांतून पाहिला गेला. तेव्हा रिका हरली असे म्हणणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घ्यावे, की लेखकाने कथा तिच्याच स्वाधीन केली होती.

पहिली आणि सर्वांत लोकप्रिय फिर्याद सातोमीविरुद्ध आहे. रिकाला भेटण्यासाठी कान्जी बाहेर पडणार अशा रात्री सातोमी त्याच्या खोलीवर येते, येताना ओदेन घेऊन येते, आणि जाऊ नकोस म्हणून त्याची विनवणी करते. मुळ्याचे जाड काप, उकडलेली अंडी, माशाच्या वड्या असे जिन्नस पातळ रश्शात मंद आचेवर दीर्घकाळ मुरवून केलेला हा हिवाळ्यातला घरगुती पदार्थ; पण त्या एका प्रसंगामुळे जपानी प्रेक्षकांच्या एका पिढीच्या मनात त्याची सांगड कायमची कपटाशी घातली गेली. घरगुती अन्नाच्या आमिषाने हिने परक्याचा प्रियकर ओढून घेतला, असा हा आरोप आहे. तो आरोप करणाऱ्यांनी एकदा तो प्रसंग शांतपणे पाहावा. सातोमीने दार अडविलेले नाही, खोटे सांगितलेले नाही, रिकाविषयी वाईट शब्द काढलेला नाही. मिकामीच्या चंचलपणाने पोळलेली, आजवर स्वतःच्या इच्छेचा उच्चारही न केलेली ही मुलगी आयुष्यात प्रथमच आपल्याला काय हवे ते बोलून दाखविते. रिकाने मनातले निःसंकोच बोलावे म्हणून तिला डोक्यावर घ्यायचे, आणि सातोमीने तेच केले म्हणून तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, हा न्याय कोणत्या कायद्यात बसतो? दार उघडे होते. थांबला तो कान्जी.

असा बाहेरचा अपराधी शोधण्याची खोड आपल्यालाही अपरिचित नाही. महाभारतातील शकुंतलेच्या उपाख्यानात दुर्वासाचा शाप नाही. तो कालिदासाने घातला आणि दुष्यंताच्या नाकबुलीचा डाग बराचसा पुसून काढला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणले तेव्हापासून आपला रसिक या शापाच्या सोयीवर पोसला गेला आहे, आणि शेकडो भाग चालणाऱ्या आपल्या दैनंदिन मालिकांनी त्या शापाच्या जागी एक कायमची खलनायिका नेमून ठेवली आहे. साकामोतो यांनी ही सोय नाकारली. त्यांच्या कथेत ऋषी नाही, शाप नाही, दुष्ट सासू नाही; चार बरी माणसे आहेत, आणि चारही बरी असून सर्वांचे बरे होत नाही. प्रेक्षकांनी ओदेनच्या भांड्याला दुर्वासाच्या जागी बसविले, ते या रिकामेपणाचा धाक वाटला म्हणून.

सातोमीवरून हटलेली तक्रार मग कान्जीवर येऊन स्थिरावते: तो भेकड आहे, रिकाची योग्यता त्याला नव्हती. येथे मी अर्धे मान्य करतो. कान्जी डळमळतो, उशिरा बोलतो, दोघींनाही तिष्ठत ठेवतो, आणि त्याचा दंड प्रत्येक वेळी दुसऱ्यालाच भरावा लागतो. पण भेकडाचे लक्षण हे की तो स्वतःची सुटका करून घेण्यासाठी दुसऱ्याला खोट्यात ठेवतो, आणि ते लक्षण कान्जीला लागू पडत नाही. रिकाचे प्रेम अखंड, उघडे आणि संपूर्ण उत्तराची मागणी करणारे आहे. ते आपल्याला पेलत नाही, हे त्याला कळते आणि ते कळणे तो लपवीत नाही. माणसाला एखादे प्रेम न पेलणे हे दुर्दैव असेल, गुन्हा नव्हे. शिवाय ज्याच्यावर रिकाने असा जीव टाकला त्याला क्षुद्र ठरविले, की रिकाची पारखही क्षुद्र ठरते, हे तिच्या कैवाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आता ज्या आक्षेपाची गंभीरपणे दखल घ्यावी लागते तो सांगतो, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. नोकरीत स्त्रीपुरुषांना समान संधी देण्याचा कायदा जपानात १९८६ साली अमलात आला; तरी त्यानंतरही कचेऱ्यांतल्या बहुसंख्य तरुण स्त्रियांकडे चहा देणे, नकला काढणे आणि लग्न होताच जागा रिकामी करणे एवढेच काम समजले जात होते. अशा काळात पुरुषांच्या बरोबरीने काम करणारी, पूर्वी एका विवाहित वरिष्ठाशी संबंध असल्याचे ओझे वागविणारी पण त्यामुळे मान खाली न घालणारी, शरीराच्या इच्छेचाही स्पष्ट उच्चार करणारी रिका पडद्यावर आली. आणि लेखकाने काय केले? संसाराची पाटी घरगुती सातोमीच्या नावे केली, आणि रिकाची परदेशी पाठवणी केली. स्वतंत्र स्त्रीला मिरवू द्यायचे आणि शेवटी शिक्षा फर्मावायची, ही समाजाची जुनी रीत लेखकाने पाळली, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

हा पक्ष एक गोष्ट गृहीत धरतो: कान्जीशी विवाह हे पारितोषिक होते आणि ते सातोमीला मिळाले म्हणून रिकाला शिक्षा झाली. म्हणजे स्त्रीच्या आयुष्याचा निकाल तिच्या लग्नावर लावणारी जी जुनी पट्टी मोडून काढायची, त्याच पट्टीने हे आक्षेपक रिकाला मोजीत आहेत. आणि त्यासाठी त्यांना शेवटच्या भागातील घटनांकडे पाठ फिरवावी लागते.

त्या घटना पाहू. लॉस एंजेलिसला बदली ठरलेली रिका कोणाला न सांगता एहिमेला, कान्जीच्या गावी जाते. तेथल्या शाळेच्या खांबावर कान्जीने लहानपणी आपले नाव कोरले होते. रिका त्याच्या शेजारी आपले नाव कोरते. शोधीत आलेल्या कान्जीबरोबर ती तो दिवस घालविते, आणि मग सांगते, की मी चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या गाडीने जाणार आहे, मन बदलले तर त्यापूर्वी ये. स्थानक आहे मात्सुयामा शहरातील बाइशिन्जी. इयो रेल्वेचे लहानसे स्थानक, फलाटाच्या कठड्यापलीकडे सेतोचा अंतर्समुद्र. कान्जी धावत येतो, आणि वेळेवर येतो. रिका मात्र गेलेली असते. ती चार वाजून तेहतीस मिनिटांच्या गाडीने गेली. कठड्याला बांधलेल्या पांढऱ्या रुमालावर तिने कान्चीचा निरोप घेतलेला असतो, आणि धावत्या डब्यात बसलेली रिका, आजवर प्रत्येक जखम हसण्याखाली झाकणारी, मनसोक्त रडते.

ती पंधरा मिनिटे हा या मालिकेचा सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि फिर्यादींच्या कागदांत नेमकी त्याचीच नोंद नसते. कान्जी आला नाही म्हणून रिका गेली, असे लेखकाला दाखविता आले असते. मग ती खरोखरच टाकलेली ठरली असती. कान्जी आला आणि ती थांबली, असेही दाखविता आले असते. लेखकाने तिसरी वाट घेतली. कान्जी कदाचित येईल, आणि येईल तो दयेपोटी, कर्तव्यापोटी, धावण्याच्या आवेगात येईल, हे रिका जाणते. अशा येण्यावर आयुष्य उभारायचे नाही म्हणून ती त्याला निवड करण्याची संधी देते आणि त्या निवडीचे ओझे आपणच उचलून आधी निघून जाते. तिला रडू येते, कारण तिने टाकून दिलेली वस्तू मौल्यवान होती. रडू आले म्हणून निर्णय दुसऱ्याचा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, की निर्णय रिकाचा असो, तो तिला घ्यायला लावणारा लेखकच ना? पात्राच्या तोंडून स्वतःची शिक्षा वदवून घेणे हाही जुलूमच. हा युक्तिवाद चतुर आहे, पण त्याचा निवाडा मालिकाच करते. तीन वर्षांनंतर टोकियोच्या रस्त्यावर रिका अवचित कान्जी आणि सातोमीला भेटते. शिक्षा भोगलेल्या पात्राला लेखक अशा वेळी करुण करतो, नाहीतर पश्चात्तापदग्ध करतो. येथे रिका ताठ उभी आहे, मोकळेपणाने बोलते, पुढच्या भेटीची मागणी करीत नाही आणि गर्दीत आपल्या वाटेने चालू लागते. कॅमेरा कान्जीच्या घरी जात नाही, तो रिकाबरोबर राहतो. तैवान व हाँगकाँगमध्ये ही मालिका स्टार टीव्हीवरून पोहोचली, तेव्हा तिथल्या तरुण प्रेक्षकांना ती अमेरिकी मालिकांपेक्षा आपल्या जगण्याच्या अधिक निकटची वाटली, असे अभ्यासक इवाबुची कोइची यांनी नोंदविले आहे. हरलेल्या, शासन झालेल्या नायिकेशी अशी जवळीक जडत नसते.

उरलेल्या मतांचा परामर्श थोडक्यात घेतो. त्या काळी खिशात मोबाइल असता तर ही ताटातूट टळली असती, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हीच कथा २०२० साली नव्याने चित्रित झाली, पात्रांच्या हाती मोबाइल आला, तरी ताटातूट टळली नाही, एवढे उत्तर पुरेसे व्हावे. तारुण्यात रिकाची बाजू घेणारे कित्येक प्रेक्षक उतरत्या वयात मालिका पुन्हा पाहतात आणि म्हणतात, की रिका दमविणारी आहे, सातोमीच शहाणी. रिका दमविते हे खरे, आणि ते मालिकेने कोठेही लपविलेले नाही; पण वयपरत्वे आपल्याला विसावा अधिक प्रिय झाला, याचा खर्च रिकाच्या खात्यावर टाकणे बरोबर नव्हे.

बाइशिन्जीच्या फलाटावर आजही लोक येतात आणि त्या कठड्याला रुमाल बांधून जातात. मला ही मंडळी सर्व टीकाकारांपेक्षा नेमकी वाटतात. कान्जी-सातोमीच्या घराशी त्यांना कर्तव्य नाही, रिकाने जेथे निर्णय घेतला तेथे ती येतात. ज्यांनी ही मालिका अद्याप पाहिलेली नाही त्यांनी ती सुभाषितांसारखी तुकड्यातुकड्यांनी नव्हे, अकराही भाग क्रमाने पाहावी. आणि ज्यांनी पाहून सातोमीला, कान्जीला किंवा साकामोतो यांना दोषी ठरविले आहे, त्यांनी तो निकाल तूर्त तहकूब ठेवून शेवटचा भाग पुन्हा एकदा पाहावा आणि त्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.