विकतचा प्रोजेक्ट मुलाखतीत चालत नाही

अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली निघाले. बडनेरा व शेगावची महाविद्यालये १९८३ साली. तेव्हापासून वऱ्हाडातील शेतकऱ्यांची पोरे इंजिनिअर होत आली आहेत. आज त्यांपैकी बरीच कनिष्ठ सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या मुलाखतीला पुण्यात हिंजवडीला जातात. गावोगावी फिरताना पालक विचारतात, "साहेब, पोराले सारं येते म्हन्ते, मंग नोकरी काहून लागत नाही?"

प्रश्न रास्त आहे. बैल घेताना आपण नुसती रंगवलेली शिंगे पाहून पैसे मोजत नाही, जुंपून चालवून पाहतो. मुलाखत म्हणजे हेच जुंपून पाहणे. आधी गणित, तर्क व प्रोग्रामिंगची परीक्षा होते. मग समोर बसवून साधेच विचारतात: यादीत दोनदा आलेला आकडा शोधून दाखव, डेटाबेसमधील दोन तक्ते जोडून दाखव, आणि तुझ्या प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय लिहिलेस ते सांग. या शेवटच्या प्रश्नावर आपला पोरगा अडतो, कारण प्रोजेक्ट विकत आणलेला असतो.

त्यापेक्षा घरच्या कापसाच्या हिशेबाचा छोटा प्रोग्राम स्वतः करावा. तारीख, क्विंटल, भाव, हमाली, हाती आलेली रक्कम, बस्स, एवढेच. वजन चुकून उणे टाकले तर काय? भाव रिकामा राहिला तर? हे सोडवताना मुलाखतीतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप तयार होतात. मग तो प्रोग्राम आधी आईला वऱ्हाडीत समजावून सांगावा, नंतर साध्या इंग्रजीत. मुलाखतीत उत्तर सुचले नाही तरी गप्प बसू नये. विचार कसा चालला आहे ते बोलत राहावे. विचारणारा अनेकदा धागा देतो. येत नसेल तर येत नाही म्हणावे.

पालकांनीही एक पथ्य पाळावे. "पैसे भरा, नोकरी पक्की" म्हणणारे दलाल दारात येतात. चांगली कंपनी मुलाखतीसाठी वा नेमणुकीच्या पत्रासाठी उमेदवाराकडून पैसा घेत नाही. सोयाबीन विकून आलेला पैसा अशांच्या हाती देऊ नका, वावर तर गहाण टाकूच नका. त्याच पैशातला थोडा भाग जुन्या का होईना, संगणकावर खर्च करा, आणि पोराला रोज दोन तास स्वतःच्या हाताने काम करू द्या. बियाणे घरचे असले की उगवण कशी आहे हे आपल्याला ठाऊक असते.