अर्थ लागत नाही

मराठी शिकवता शिकवता वीस वर्षे झाली. "ह्या ओळीचा अर्थ लागत नाही, सर," हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा ऐकले आहे की, झोपेतून उठवून कोणी म्हटले तरी माझे उत्तर तयार असते. पण मागच्या दिवाळीत हेच वाक्य सिहोऱ्याला, काकाजींच्या शेतावरच्या गोठ्यात, एका मोटारीच्या पोटाखालून ऐकू आले आणि माझी बोलतीच बंद झाली.

"दादा, अर्थ लागूनच नाई रायला!"

मोटारीखालून फक्त दोन पाय दिसत होते. ते माझ्या धाकट्या चुलतभावाचे. मी वाकून विचारले, "कशाचा?"

"मागच्या दिव्याचा. रंग खरवडा लागते."

मोटारमिस्त्र्यांच्या भाषेत 'अर्थ' म्हणजे इंग्रजांची पृथ्वी. घरातल्या दिव्याला वीज आणणारी एक तार आणि परत नेणारी दुसरी असते. मोटारीत ही परतीची तार बहुधा नसतेच. बॅटरीचे एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडून देतात. दिव्यातून, भोंग्यातून गेलेली वीज त्या सांगाड्यातूनच माघारी येते. जोडाखाली रंग नाहीतर गंज राहिला की दिवा मिणमिणतो किंवा मुळीच लागत नाही. मग मिस्त्री म्हणतो, अर्थ ढिला आहे. अर्थ बरोबर बसला नाही. इथे अर्थच नाही. वीस वर्षांत एवढी नेमकी समीक्षा मला एकाही कवितासंग्रहाची करता आलेली नाही.

सिहोरा हे आमचे मूळ गाव. भंडारा जिल्ह्यात, तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मुलूख धानाचा. पुण्यामुंबईच्या वाचकांना चिखल म्हणजे चपलेला लागतो तो, एवढेच ठाऊक. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत कन्हार जमिनीत पाय घातला की तो परत मिळेल याची खात्री नसते. काकाजींचा गोठा डांबरी रस्त्याला लागून आहे. धानाच्या बांध्या मात्र नाल्यापलीकडे, पाऊण कोसावर. बैलजोडी विकून झाली. बैलांच्या जागी आता ही गाडी उभी होती.

गाडीची चेसिस एका जुन्या जीपची, भंगारातून आणलेली. इंजिन भलत्याच एका डिझेल गाडीचे. मागचा डाला अँगल आणि पत्रा वेल्डिंग करून घरीच बनवलेला. इंजिन एका घराण्याचे आणि गिअरपेटी दुसऱ्या घराण्याची. त्यांचे लग्न जुळवायला मध्ये एक पोलादी प्लेट लागली, तिच्यापायी तो तीनदा नागपूरला जाऊन आला. खरी करामत मात्र जीपचीच. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोन चाकांना जातो. ती दोन चिखलात गरगर फिरू लागली की उरलेली दोन नुसती पाहत बसतात, संयुक्त कुटुंबातल्यासारखी. जीपच्या गिअरपेटीमागे आणखी एक पेटी असते. तिची दांडी ओढली की पुढची चाकेही कामाला लागतात.

१९४० साली अमेरिकेच्या सैन्याला असले वाहन हवे होते तेव्हा पहिल्या नमुन्यासाठी ४९ दिवसांची मुदत होती, आणि बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ती पाळली. आमच्या बंधूंना चार वर्षे लागली. पण बँटमवाल्यांना मध्येच रोवणी, कापणी, बहिणीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज निस्तरावे लागले नव्हते.

दिवाळीला मी पोहोचलो तेव्हा वायरिंग चालू होते. वीस-बावीस तारा. दुकानात लाल संपली म्हणून भोंग्याला पिवळी, आणि पिवळी संपली म्हणून इंडिकेटरला हिरवी. कोणती तार कुठली हे फक्त त्याला एकट्याला ठाऊक, म्हणून त्याने सगळे एका वहीत लिहून ठेवले होते. त्या वहीवर ग्रीसचे डाग, आणि अक्षर असे की वैद्यांनी हेवा करावा. "दादा, तुम्ही हे साफ लिहून द्या," तो म्हणाला. मला कोण आनंद झाला! माझे लेखन कोणाच्या उपयोगी पडण्याचा हा पहिलाच प्रसंग.

ओसरीवर बसून मी सुवाच्य अक्षरात तक्ता काढला. मूळ वहीत प्रत्येक ओळ सारखीच होती: बॅटरी, फ्यूज, स्विच, पुढचे दिवे. बॅटरी, फ्यूज, स्विच, भोंगा. बॅटरी, फ्यूज, आणि पुन्हा फ्यूज. मी निबंध तपासणारा माणूस. द्विरुक्ती दिसली की माझा हात थांबत नाही. भोंग्याच्या ओळीत तेवढा तो शब्द ठेवला आणि बाकीच्या सगळ्या ओळींतून काढून टाकला. म्हटले, सुज्ञ वाचकाला कळेलच.

दुसऱ्या दिवशी भाऊ बल्ब आणायला तुमसरला गेला, आणि माझा तक्ता वाचायला बसला शेजारचा दहावीतला मुलगा. पोरगा हुशार आणि त्याहून आज्ञाधारक. 'सरांनी' लिहिले होते तसेच त्याने जोडले. पुढच्या दिव्यांची तार बॅटरीवरून निघाली ती मध्ये कुठेही न थांबता स्विचपर्यंत गेली.

पुढचे दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोघांना मिळून नऊ-साडेनऊ अँपिअर लागतात. त्या वाटेवर १५ अँपिअरचा फ्यूज बसवतात. काही घोटाळा झाला तर तो जळतो आणि तार वाचते. फ्यूज नसला आणि तार मध्येच लोखंडाला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि मग तारच फ्यूजचे काम करते.

संध्याकाळी इंजिन सुरू झाले. सगळे आळीतले लोक जमले होते. पत्र्याच्या ज्या भोकातून ती तार नेली होती तिथे रबर लावायचे राहिले होते. गाडी थरथरली, भोकाच्या धारेने तारेचे कातडे सोलले, आणि बॉनेटखालून धूर आला. वर माळ्यावर धानाची तणस रचलेली. मी "पाणी! पाणी!" म्हणून ओरडलो, म्हणजे करू नये ते करा असे सांगितले. भावाने बॉनेट उघडून तापलेली तार उघड्या हाताने ओढून काढली. दोन बोटांची कातडी तारेबरोबर गेली.

हात पाण्यात बुडवून तो खाटेवर बसला. माझा तक्ता गोठ्याच्या खांबाला लावलेला होता. त्याने तो बराच वेळ पाहिला. शेजारच्या मुलाला एक शब्द बोलला नाही. मी जवळ जाऊन सगळे कबूल केले.

"तुमचं अक्षर लय सुंदर आहे, दादा," तो म्हणाला.

त्या रात्री काकू मला बाजूला घेऊन बोलल्या. "ते बांधकाम त्यानं काहून काढलं, तुले मालूम आहे का?" मला वाटत होते, हौस. पाच वर्षांमागे रोवणीत काकाजी धुऱ्यावरून घसरले आणि खुब्याचे हाड मोडले, हे मला कळले होते; मी मनिऑर्डर केल्यासारखे पैसे पाठवले होते, आणि फोनही. त्यांना बांधीतून आणले कसे, हे मी विचारले नव्हते. ट्रॅक्टर नाल्यात रुतला. मग चौघांनी खाटेवर टाकून आणले, गुडघा गुडघा चिखलातून. दीड तास लागला. दर पावलाला खाट हलायची आणि काकाजी ओरडायचे. पुढच्या उजव्या खुराला भाऊ होता. "घरी आल्यावर काईच बोलला नाई," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी ती चेसी घेऊन आला."

एवढे ऐकूनही माझ्यातला मास्तर गप्प बसला नाही. सकाळी मी त्याला कायदा समजावला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. नोंदलेल्या गाडीतही कंपनीच्या मूळ बनावटीविरुद्ध मनमानी फेरफार चालत नाहीत, असे कलम ५२ सांगते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले.

"देवराष्ट्र्याच्या लोहारांचं तर कौतुक झालं," तो म्हणाला.

सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून एक छोटी जीप बनवली होती. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्र यांनी पाहिली आणि २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. कौतुक खरेच झाले. पण नियमांमुळे ती गाडी आज ना उद्या अडवली जाईल, असे महिंद्रांनीही त्याच वेळी लिहिले होते. रस्त्यावर आली ती कारखान्यातली बोलेरो.

"म्हनजे आपल्याले दोन गाड्या लागतील," भाऊ म्हणाला. "एक चिखलाची, एक कायद्याची."

ह्या जुलैत रोवणीला मी मुद्दाम गेलो. काकाजी काठी टेकत बांधीवर गेलेच होते, न जाऊन सांगतात कोणाला! दुपारी आभाळ फाटले. नाला बघता बघता भरला. भावाने त्यांना पुढे बसवले, मी मागे डाल्यात पऱ्ह्यांच्या पेंढ्यांवर. दुसरी दांडी ओढल्याचा आवाज झाला, गाडी नाल्यात उतरली, थोडी तिरपी झाली, आणि चारही चाकांनी चिखल उडवत पलीकडे चढली. वाटेत तिघांच्या बांध्या लागतात. त्या तिघांनीही धुरे फोडून वाट करून दिली आहे. वेळ मोजला, अकरा मिनिटे.

गोठ्यापाशी, डांबर सुरू होते तिथे, त्याने गाडी थांबवली. पलीकडे भाड्याचा ऑटो उभा होता. काकाजी काठीच्या आधाराने उतरून त्यात बसले. मी बॉनेट उघडून पाहिले. आतल्या बाजूला नवा तक्ता चिकटवला होता, दहावीतल्या मुलाच्या अक्षरातला. प्रत्येक ओळीत 'फ्यूज'. भावाने पान्याने बॅटरीचे एक टोक सैल करून काढले आणि गुलाबी झालेल्या दोन बोटांनी बाजूला ठेवले.

"अर्थ काढून ठेवला, दादा," तो म्हणाला. "चला, भिजाल."