औषधचिठ्ठीपलीकडील वाचन

डॉक्टर झाल्यावर माणसाचे वाचन थांबत नाही. मात्र ते अरुंद होते. पाठ्यपुस्तके, नियतकालिके आणि औषध कंपन्यांची पत्रके यांतच दिवस सरतो. माझेही तसेच झाले होते.

एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत जुलाबाने सुकलेले बाळ घेऊन एक माता बोरगावात माझ्याकडे आली. "इतका उशीर का केला?" असे मी रागावून विचारले. ती मान खाली घालून उभी राहिली. सलाइन लावले, बाळ वाचले; पण तिचे उत्तर ऐकण्यास मी थांबलो नाही. त्याच आठवड्यात श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी हाती आली. चौदाव्या वर्षी माता झालेल्या आनंदीबाईंचे बाळ अवघ्या दहा दिवसांत दगावले आणि त्याच आनंदीबाई १८८६ साली अमेरिकेत एम.डी. झाल्या. पुस्तक मिटले तेव्हा ती झुकलेली मान आठवली. पुढील तपासणीच्या वेळी मी विचारले, "बाई, तेव्हा घरून निघायला काय अडचण झाली होती?" मजुरी बुडेल म्हणून तिला कोणी येऊ दिले नव्हते.

ललित वाचनाने रोगनिदान सुधारते असा माझा दावा नाही. प्रश्न विचारण्याची रीत मात्र निश्चित सुधारते. म्हणून काही पुस्तके सुचवावीशी वाटतात. खेड्यात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरने व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचावी; परक्या तरुण मास्तरावर गावाचा विश्वास कसा बसत जातो, हे त्यात दिसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये फारसे शालेय शिक्षण नसलेल्या स्त्रीची तल्लख बुद्धी भेटते. अशिक्षित मातेला कमी लेखण्याची आपली सवय त्यामुळे सुटावी. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' प्रत्येक धावपळ्या डॉक्टरने स्वतःसाठी वाचावे. "मुलगा एका जागी बसत नाही" अशी तक्रार करणाऱ्या पालकांना मी तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'चा मराठी अनुवाद वाचावयास सांगतो.

१९५६ पूर्वी आपला हा भाग नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. सीमा बदलली, तरी घरातील मराठी टिकली. मुलांचे शिक्षण मात्र बहुधा हिंदीत वा इंग्रजीत होते. बोलता येणारी भाषा वाचता न येणे, ही नव्या पिढीची खरी हानी आहे.

व्यवसायबंधूंना नम्र विनंती की, प्रत्येकाने आपल्या प्रतीक्षाकक्षात दहा मराठी पुस्तके ठेवावीत. एखादे परत आले नाही, तर ते कुणाच्या तरी घरी वाचले जात आहे असे समजावे.